उठण्याची वेळ आधी ठरवा: महाविद्यालयीन वर्षांत शरीर आणि मन सांभाळण्याची रीत

महाविद्यालयात पाऊल टाकल्यावर एक बदल फारसा गाजावाजा न होता घडतो. कधी उठायचे, काय जेवायचे, ताप आला तर डॉक्टरकडे केव्हा जायचे, हे सगळे तोवर घरातले कोणीतरी पाहत असते. आता ते एकदम विद्यार्थ्याच्या अंगावर येते, आणि त्याच सुमारास अभ्यासाचा भार, अनोळखी माणसे आणि पैशाची काळजीही येऊन ठेपते. हा काळ आणखी एका कारणाने नाजूक असतो. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणातून २००५ मध्ये असे दिसून आले, की ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होतो, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या लोकांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश लोकांमध्ये २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणूनच या वर्षांत अंगी लागलेल्या सवयींचे आणि वेळेवर घेतलेल्या मदतीचे मोल फार मोठे आहे.

मी बरीच वर्षे महाविद्यालयात शिकवते आहे. सत्राच्या आरंभी विद्यार्थी पहाटे उठण्यापासून मोबाइल सोडण्यापर्यंतचे सगळे संकल्प एकाच दिवशी करतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते सगळेच एकदम सुटतात, हे मी दरवर्षी पाहते. त्यामुळे या लेखात मी क्रमाला महत्त्व दिले आहे. खालील पायऱ्या एकामागून एक घ्याव्यात आणि एक पायरी पायाखाली पक्की झाल्याशिवाय पुढचीवर जाऊ नये. शेवटची पायरी मात्र याला अपवाद आहे. ती आजच वाचून ठेवावी.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त नोंद करा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. एका वहीत रोज पाच गोष्टी लिहा: झोप कधी लागली, जाग कधी आली, पहिले खाणे किती वाजता झाले, चहा-कॉफी कितीदा घेतली आणि दिवसभरात मनमोकळे बोलणे कोणाशी झाले. एका विद्यार्थ्याने मला त्याची अशी वही दाखवली होती. मंगळवारच्या ओळीत लिहिले होते, ‘झोप ३.१०, जाग ७.३०, पहिले खाणे १.४५, कॉफी ४, बोलणे – नाही.’ रविवारच्या ओळीत झोप अकरा तासांची होती. आपण सरासरी सात तास झोपतो, तेव्हा झोपेचा प्रश्न नाही, असे तो मला सांगत होता, आणि हिशेब म्हणून ते खोटेही नव्हते. मला मात्र शेवटचा रकाना अधिक बोलका वाटला, कारण सातपैकी पाच दिवस तेथे ‘नाही’ हाच शब्द होता. नोंदीचा उपयोग नेमका येथे होतो. आपण कसे जगतो याविषयीची आपली समजूत आणि कागदावर उतरलेला आठवडा यांत बरेच अंतर असते.

दुसरी पायरी: उठण्याची वेळ बांधून घ्या

प्रौढ माणसाला साधारणपणे ७ ते ९ तासांची झोप लागते, आणि विद्यार्थी त्याला अपवाद नाहीत. मात्र या वयात शरीराचे घड्याळ नैसर्गिकरीत्याच उशिराकडे सरकलेले असते आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालते. रात्री अकरापर्यंत झोप न येणे हा आळस नव्हे, हे पालकांनी आणि शिक्षकांनीही लक्षात घ्यायला हवे. अडचण अशी, की तासिका आपल्या घड्याळाप्रमाणे भरत नाहीत. मग आठवडाभर झोप कमी पडते, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपून ती भरून काढली जाते आणि सोमवारी शरीराची अवस्था दूरच्या देशातून विमानाने नुकत्याच परतलेल्या माणसासारखी होते.

उपाय झोपण्याच्या वेळेपासून सुरू करू नका, कारण झोप हुकमाने येत नाही. उठणे मात्र आपल्या हातात असते. आठवड्यातील सर्वांत लवकरची तासिका पाहून उठण्याची एक वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही ती तासाभराहून अधिक पुढे जाऊ देऊ नका. सध्याची वेळ फार उशिराची असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा ते तीस मिनिटे अलीकडे या. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेरच्या उजेडात जा. डोळ्यांवर पडणारा सकाळचा प्रकाश मेंदूतील घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण देतो आणि त्या दिवशीची झोप थोडी लवकर येऊ लागते. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावा, म्हणजे गजर बंद करण्यासाठी उठावे लागेल आणि रात्री हातही तेथवर सहज पोहोचणार नाही.

कॉफीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दिवसभर जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. कॅफिन हे द्रव्य हटवत नाही, फक्त त्याची खूण मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. शरीरातील निम्मे कॅफिन कमी व्हायला साधारणपणे पाच तास लागतात. दुपारी चार वाजता २०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन कप कॉफी घेतली, तर रात्री नऊला त्यातले १०० आणि मध्यरात्रीनंतर दोन वाजता ५० मिलिग्रॅम अंगात असतेच. त्यामुळे शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घ्यावा आणि सगळे पदार्थ मिळून दिवसाचे कॅफिन ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ते प्रमाण छापलेले असते. एकदा वाचून पाहावे.

अंथरुणात पडून वीसेक मिनिटे झाली तरी झोप आली नाही, तर उठा, मंद उजेडात काहीतरी शांत वाचा आणि डोळे मिटू लागले की परत या. जागे राहून तळमळण्याची जागा म्हणून मेंदूने अंथरूण ओळखू नये, एवढाच यामागचा हेतू आहे. दुपारी डुलकी घ्यायची असेल, तर ती तीनच्या आत आणि वीस मिनिटांची असावी.

परीक्षेच्या आदल्या रात्री सबंध जागरण करण्याविषयी माझे मत ठाम आहे: ते करू नये. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांतून दिसलेले आहे. शिवाय वाचलेले पक्के बसते ते झोपेतच. न वाचलेली दोन प्रकरणे मिळवण्यासाठी वाचलेली आठ प्रकरणे पातळ करून घेण्यासारखा हा व्यवहार आहे.

ही पायरी दोन आठवडे पाळा. पुरेशी झोप घेऊनही दिवसभर थकवा राहत असेल किंवा झोपेत मोठ्याने घोरण्याची सवय असेल, तर डॉक्टरांना भेटून रक्तक्षय, थायरॉइड आणि झोपेतील श्वसनाच्या तक्रारी यांची तपासणी करून घ्यावी.

तिसरी पायरी: जेवणाच्या वेळा आणि ताटातले पदार्थ

उठण्याची वेळ ठरली की भुकेची वेळही आपोआप ठरू लागते, म्हणून जेवण या क्रमाने आले आहे. काय खावे याआधी केव्हा खावे हे ठरवा. दिवसभर उपाशी राहून रात्री अकराला पोटभर खाणारा विद्यार्थी संध्याकाळी चिडचिडा होतो आणि रात्री झोपत नाही. उठल्यापासून दोन तासांच्या आत काहीतरी पोटात जावे आणि पुढचे खाणे चार-पाच तासांहून लांबू नये, एवढा नियम सुरुवातीला पुरे.

ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळे, पाव भाग धान्य आणि पाव भाग प्रथिने, ही ढोबळ विभागणी मेसमध्येही पाळता येते. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. डाळी, कडधान्ये, दूध, दही, अंडी, मासे यांतून ती मिळतात. महागड्या पावडरींची बहुतेकांना गरज नसते. मासिक पाळी येणाऱ्या मुलींमध्ये लोहाची कमतरता फार आढळते. लोह असलेल्या जेवणासोबत लिंबूवर्गीय फळ घेतले, तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागूनच चहा-कॉफी घेतली, तर कमी. पूर्ण शाकाहारी असणाऱ्यांनी, विशेषतः दूधही न घेणाऱ्यांनी, बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी, कारण ते वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही.

वजनाविषयी एक गोष्ट मनापासून सांगते. लपून खाणे, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, सगळ्यांसोबत जेवायला बसणे टाळणे, तीन महिने पाळी न येणे, ही शिस्तीची नव्हे तर आजाराची लक्षणे आहेत. हा आजार मुलांनाही होतो, तो जिवावर बेतू शकतो आणि उपचारांनी बरा होतो. त्यावर मैत्रिणीने ‘जरा खात जा’ म्हणणे पुरत नाही.

चौथी पायरी: हालचाल

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम समजावेत. याचा अर्थ आठवड्यातले पाच दिवस रोज तीस मिनिटे झपझप चालणे, आणि ही तीस मिनिटे दहा-दहाच्या तुकड्यांत केली तरी चालतात. जिमची वर्गणी भरणे हा व्यायामाचा आरंभ नव्हे. आधी जिने, जोर, बैठका आणि चालणे महिनाभर जमवून दाखवावे, मग पैसे खर्च करावेत. नियमित व्यायामाने सौम्य नैराश्याची आणि चिंतेची लक्षणे कमी होतात, हे आता चांगले प्रस्थापित आहे, आणि ते गुण येण्यासाठी खेळाडू व्हावे लागत नाही.

बसण्याविषयी थोडक्यात: दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावे. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे सहा मीटर अंतरावरच्या वस्तूकडे पाहावे. हेडफोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. आवाजामुळे आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

पाचवी पायरी: अभ्यासाची रीत बदला

आरोग्याच्या लेखात अभ्यास कशासाठी, असे कोणी विचारेल. विद्यार्थ्यांचा पुष्कळसा ताण अभ्यासाच्या चुकीच्या रीतीतून येतो, असे माझे निरीक्षण आहे, आणि तो ताण प्राणायामाने जाणार नाही. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते; पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत, उतारा मिटून आठवेल ते लिहून काढणारे पुढे गेले. वाचत राहिल्याने येते असे वाटते, आणि आठवून पाहिल्याने खरोखर येते.

तेव्हा धडा वाचून झाला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि मग राहिलेले पाहा. हेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. अशी उजळणी करणाऱ्याला शेवटच्या रात्री जागावे लागत नाही, आणि दुसऱ्या पायरीवर मिळवलेली झोप परीक्षेच्या काळातही टिकते. टाळले जाणारे काम मात्र बहुधा फार मोठ्या शब्दांत लिहिलेले असते. ‘प्रोजेक्ट पूर्ण करणे’ असे लिहू नका. ‘मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका टाइप करणे’ असे लिहा, म्हणजे हात चालू लागतो.

सहावी पायरी: माणसे आणि सोबत

नोंदवहीतला तो शेवटचा रकाना येथे पुन्हा उघडा. नव्या जागी मैत्री ओळखीतून आणि ओळख वारंवार भेटण्यातून होते. म्हणून एखाद्या मोठ्या समारंभापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, त्याच माणसांसोबत होणारी साधी गोष्ट अधिक उपयोगी पडते: खेळ, वाचनगट, प्रयोगशाळेनंतरचा चहा, एखादे स्वयंसेवी काम. मोजक्या दोन माणसांशी खरे बोलता येणे पुरेसे आहे. घरी आठवड्यातून एकदा तरी सविस्तर बोला, आणि त्या बोलण्यात फक्त गुणांचा विषय नसू द्या.

सोबतीत दारू आणि सिगारेटही येतात, म्हणून स्पष्ट लिहिते. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध मोडतो आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक खचलेले असते. निकोटिन उत्तेजक आहे. ते सोडताना येणारी अस्वस्थता पुढच्या सिगारेटने शमते आणि ‘सिगारेटने ताण जातो’ ही समजूत तेथून तयार होते. मित्राच्या झोपेच्या किंवा एकाग्रतेच्या गोळ्या घेऊ नका. कोणी पिऊन शुद्ध हरपून पडले असेल, तर ‘झोपू दे’ म्हणून निघून जाऊ नका. त्याला कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत जवळ बसा.

सातवी पायरी: आजारपणाची तयारी निरोगी असताना

एका कागदावर रक्तगट, ॲलर्जी, चालू असलेली औषधे, घरच्यांचा क्रमांक आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता लिहून खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटे जवळ ठेवा. पॅरासिटामॉल प्रौढांनी चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर घेऊ नये, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही ते असते, हे पाकिटावर वाचून पाहावे. विषाणूंमुळे येणाऱ्या सर्दी-तापावर अँटिबायोटिक काम करत नाही. तापासोबत मान ताठरणे, श्वास लागणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. राहून गेलेल्या लसींविषयी, त्यांत एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची) लसही आली, एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आठवी पायरी: मन बिघडत असल्याची चिन्हे आणि मदत

परीक्षेआधी छातीत धडधडणे किंवा नाते तुटल्यावर काही दिवस रडू येणे हे दुःख आणि ताण आहेत, आजार नव्हेत. जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, झोप आणि भूक बदलणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, आणि यामुळे रोजचे व्यवहार अडणे, असे असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी तज्ज्ञ गाठायला हवा. दोन आठवड्यांची ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ‘सत्र संपल्यावर बघू’ असे म्हणत विद्यार्थी महिने काढतात. याउलट अनेक दिवस अगदी कमी झोपूनही अफाट उत्साह वाटणे, बेसुमार खर्च करणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे किंवा सगळे आपल्यामागे लागले आहेत असे वाटणे, यांत दोन आठवडेही थांबू नये.

पॅनिक अटॅकमध्ये आता जीव जाणार असे वाटते, पण त्याची तीव्रता साधारणपणे दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरू लागते. त्या वेळी चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत सावकाश सोडा. मात्र छातीत दुखण्याचा अनुभव पहिल्यांदाच येत असेल, तर हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी.

मदत घ्यायला जाताना पुष्कळांचे पाय अडखळतात, कारण आत गेल्यावर काय बोलायचे तेच ठरत नाही. तीन ओळी लिहून न्या: काय होते आहे, केव्हापासून, आणि त्यामुळे काय अडते आहे. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि गरज असेल तर औषध देतात. ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात विकसित केलेली विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती नैराश्यावर आणि चिंतेवर चांगली उपयोगी पडते. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करायची नसतात. २५ वर्षांखालील रुग्णांनी नैराश्याचे औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार आले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जावे. एका अनुभवावरून उपचार सोडू नयेत.

शेवटी, मित्राविषयी. जो सारखा ‘आता काही अर्थ नाही’ म्हणतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो किंवा निरोप घेतल्यासारखे बोलतो, त्याला एकांतात बसवून सरळ विचारा: ‘तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे उतरवायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर उपदेश करू नका आणि कोणाला सांगणार नाही असे वचनही देऊ नका. त्याला एकटे सोडू नका, इजा करता येईल अशा वस्तू आणि औषधे खोलीतून हलवा आणि घरचे, वसतिगृहाचे अधिकारी, आपत्कालीन सेवा किंवा आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन यांपैकी जे आधी मिळेल ते गाठा. तुम्हाला स्वतःलाच तसे वाटत असेल, तर हाच परिच्छेद शेजारच्या खोलीतल्या कोणालाही दाखवा आणि ‘माझ्याजवळ बस’ एवढे म्हणा.

मदत मिळाल्यावर दुसऱ्या दिवशीही त्याच्याकडे जा. मोठे बोलण्याची गरज नसते. आंघोळ झाली का विचारा, सोबत जेवायला न्या, बुडालेल्या तासिकांच्या वह्या द्या, डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची तारीख आपल्याही मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जा.